बांधावरची मारामारी, एक गुन्हा, एक एन.सी. आणि पोलिसांची नोटीस: पुढे काय होतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सामाईक बांधावरून चुलत्यांशी वाद झाला आणि हाणामारी झाली. चुलत्यांच्या फिर्यादीवरून वडील, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा अशा तिघांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५) खाली गुन्हा दाखल झाला. वडिलांच्या मनगटालाही मार लागलाय, पण पोलिसांनी त्यांची तक्रार फक्त एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद म्हणून घेतली. धाकटा पुण्यात राहून पोलीस भरतीची तयारी करतोय, घटनेच्या दिवशी तो गावात नव्हता. आता पोलीस ठाण्यातून हजर राहण्याची नोटीस आलीय. अटक होईल का, केस किती वर्षं चालेल, मिटवता येईल का आणि धाकट्याच्या भरतीचं काय, असे थोरल्या मुलाचे प्रश्न आहेत. घरातलं कुणी आजवर कोर्टाची पायरी चढलेलं नाही.

मी तालुका आणि जिल्हा कोर्टात फौजदारी काम करतो. कधी आरोपीकडून उभा राहतो, कधी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करतो. अशा भावकीच्या केसेसबद्दल माझं मत पक्कं झालंय: लोक साक्षीपुराव्याची वाट बघत बसतात, आणि निकाल मात्र पहिल्या पंधरा-वीस दिवसांत तयार झालेल्या कागदांवर लागतो. साक्ष सुरू होते तोवर कधी कधी तीन-चार वर्षं उलटलेली असतात आणि तेव्हा नवीन काही तयार करता येत नाही. म्हणून मी सुरुवातीबद्दल जास्त बोलणार आहे, शेवटाबद्दल कमी.

पहिल्यांदा कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. गावात अजून '३२४ लागलंय' असंच बोलतात, ते आता ११८(१). ११५(२) म्हणजे साधी दुखापत, जुनं ३२३. ३५२ शिवीगाळ करून भांडणाला चिथावणी देणं, ३५१(२) धमकी. ३(५) हा वेगळा गुन्हा नाही. सगळ्यांनी मिळून, एकाच इराद्याने केलं असं म्हणण्यासाठी ते जोडतात, जुनं कलम ३४. तुमच्यावरचं सगळ्यात जड कलम ११८(१) आहे. घातक हत्याराने किंवा साधनाने दुखापत, शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ही केस तालुक्यातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, बोलीत जेएमएफसी कोर्टात चालेल. सेशन्सला, म्हणजे सत्र न्यायालयात जाणार नाही.

आता नोटीस. ती बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची असेल, कागदावर बघून खात्री करा. घरात ती आली की रडारड होते, पण ती वाईट बातमी नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात ठासून सांगितलं. नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. उलट नोटीस खिशात घालून मुंबईला पाहुण्यांकडे निघून गेलात, तर अटकेचं कारण तुम्हीच पोलिसांच्या हातात दिलंत. त्या तारखेला खरंच जमत नसेल तर लेखी अर्ज द्या, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ही शिक्क्याची सवय आजपासूनच लावून घ्या. पोलीस ठाण्यात तोंडी सांगितलेली गोष्ट कोर्टात कुठेच सापडत नाही.

ठाण्यात काय बोलायचं? नाव, गाव, धंदा सांगा. घटनेबद्दल स्वतःला गुंतवणारं उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर नाही, संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने तेवढं संरक्षण दिलंय. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. त्याची दुसरी बाजू माहीत नसते. 'काठी गोठ्याच्या मागे ठेवलीय, चला काढून देतो' असं आरोपीने कोठडीत म्हटलं, पंच बोलावून तसा पंचनामा झाला आणि काठी खरंच तिथे निघाली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. कोऱ्या कागदावर सही अजिबात नको. मोबाइल मागितला तर जप्ती पंचनामा केल्याशिवाय देऊ नका, आणि त्याची प्रत घ्या. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे, त्याची नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

समजा तरीही अटक झाली. अटकेची कारणं लेखी, तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. नातेवाइकाला कळवायला हवं, वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायला हवं. मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' मार खाल्लेला असूनही 'नाही' म्हणून मान हलवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. बाहेर हवालदार उभा असतो, भीती वाटते, हे कळतं. पण ते 'नाही' रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं जातं आणि नंतर पुसता येत नाही. पुढे एकतर पोलीस कोठडी मिळते, म्हणजे पीसीआर, किंवा न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर. एमसीआर झाली की साधारणपणे त्याच दिवशी जामिनाचा अर्ज लागतो. अजून अटक नाही पण धाकधूक असेल, तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. नोटीस आलेली असताना तो मागायचा की नाही, हे एफआयआर वाचून तुमचा वकीलच ठरवेल. मी सरसकट सांगणार नाही.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकतंय ते वडिलांचं मनगट. त्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, आणि खरी केस तिथेच आहे.

एन.सी. म्हणजे अदखलपात्र. साधी दुखापत, शिवीगाळ यांत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणजे एन.सी.चा कागद मिळाला की पोलीस काही करत असतील असं समजून बसू नका. ती नोंद तशीच पडून राहते. पण मनगटाचं हाड मोडलं असेल तर चित्र बदलतं. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत. तसंच १५ दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तरी ती गंभीर. जुन्या कायद्यात हीच मुदत २० दिवसांची होती. गंभीर दुखापत ११७(२) खाली येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ सालीच स्पष्ट केलंय. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने पोलिसांना दिलीय, पण बरोबर सात वर्षांच्या कलमाला ती लागत नाही.

तेव्हा वडिलांना सरकारी दवाखान्यात न्या, क्ष-किरण तपासणी करा, एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्याने करायची नोंद झाली का बघा. गावातल्या खासगी डॉक्टरकडून पट्टी बांधून घेतली असेल तर त्यांची चिठ्ठी, औषधांची बिलं, सगळं जपून ठेवा. इंज्युरी सर्टिफिकेटवर 'मारहाणीचा पूर्वेतिहास' काय लिहिलाय तो वाचा. डॉक्टरला सांगताना 'पडलो' म्हटलं असेल तर उलटतपासात तेच पहिलं बाहेर येतं. हाड मोडल्याचा अहवाल आला तर तो जोडून पोलीस निरीक्षकांना लेखी तक्रार द्या. दखल घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. जुन्या १५६(३) चंच हे नवीन रूप आहे. आदेश देण्याआधी पोलिसांचं म्हणणं विचारात घेण्याची पायरी आता वाढलीय, त्यामुळे अधीक्षकांना पाठवल्याची पावती नसेल तर अर्ज तिथेच अडखळतो. हाड शाबूत असेल तर एन.सी.च्या तपासाचा आदेश मॅजिस्ट्रेटकडून मिळवायचा किंवा थेट खासगी फिर्याद दाखल करायची, असे दोन रस्ते उरतात. उशीर का झाला हे तक्रारीत खरं लिहा. दवाखान्यात होतो, आधी मिटवण्याची बोलणी चालली होती, जे असेल ते.

एक सल्ला मात्र न विचारता देतो. दुसरी बाजू वरचढ दिसायला लागली की गावातले जाणकार म्हणवणारे सांगतात, 'चुलत्याच्या सगळ्या पोरांची नावं घाला, मंगळसूत्र ओरबाडलं म्हणा.' तसं करू नका. एकाच मनगटावर सहा जणांनी मारलं असं लिहिलं की ज्या एकाने खरंच मारलं तोही सुटतो. न्यायाधीश रोज असे कागद वाचतात. फिर्यादीच्या शेवटी 'वाचून पाहिली, माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरी आहे' असं छापील वाक्य असतं. खरंच वाचल्याशिवाय त्याखाली सही नको. काठी की कोयत्याचा दांडा, कुणाच्या हातात काय होतं, कुठल्या हातावर लागलं, हे चार शब्द नीट असले तर बाकीची शोभेची वाक्यं नसली तरी चालतात.

तुमचाही एफआयआर झाला तर दोन केसेस होतील, बोलीत क्रॉस केस. दोन्ही शक्यतो एकाच न्यायाधीशापुढे, लागोपाठ चालवतात आणि निकाल एकत्र देतात. मात्र एका केसमधला पुरावा दुसरीत वाचला जात नाही. दोन्ही बाजू सुटणं किंवा दोघांनाही शिक्षा होणं, दोन्ही शक्य आहे. आणि बांध कुणाचा हे या दोन्ही केसेसमध्ये ठरणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी, आणि लागलंच तर दिवाणी दावा. लोक फौजदारी कोर्टात सातबारा घेऊन येतात आणि साहेब बघत नाहीत म्हणून नाराज होतात. ते त्यांचं कामच नाही.

याच सुमारास तहसीलदारांकडून आणखी एक नोटीस येण्याची शक्यता आहे, दोन्ही घरांना. ती चॅप्टर केस, जुनं कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. पुन्हा भांडण होऊ नये म्हणून ठरावीक मुदतीसाठी, जास्तीत जास्त एक वर्षासाठी शांततेचा बाँड घेतात. ही शिक्षा नव्हे आणि गुन्हाही नव्हे, पण तिथेही गैरहजर राहू नका.

आता धाकट्याबद्दल. तो त्या दिवशी पुण्यात होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, पोलिसांवर नाही. अकॅडमीची हजेरी, बोटांच्या ठशांची मशीन असेल तर तिची नोंद, मेसचं रजिस्टर, मोबाइलने केलेले पैशांचे व्यवहार, आणि सगळ्यात आधी सीसीटीव्ही. बहुतेक ठिकाणचं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. आजच अकॅडमीला लेखी पत्र देऊन ते जतन करायला सांगा, आणि तपासी अंमलदारालाही अर्ज द्या की हे चित्रण ताब्यात घ्या. प्रत पेन ड्राइव्हवर घेतलीत तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, नाहीतर ती कोर्टात उभी राहत नाही.

एवढी घाई कशाला, कोर्टात दाखवू की, असं वाटेल. इथेच बहुतेक जण फसतात. आरोप निश्चित करताना कोर्ट साधारणपणे पोलिसांनी दिलेलेच कागद बघतं, आरोपीने आणलेले नाही. म्हणजे तुमचं सीसीटीव्ही थेट बचावाच्या टप्प्यावर, काही वर्षांनी उघडलं जाईल. तेच आत्ता तपासाच्या कागदांत गेलं तर दोषारोपपत्रातून, म्हणजे चार्जशीटमधून त्याचं नाव वगळलं जाऊ शकतं. नाहीच वगळलं तर साक्षी सुरू होण्याआधीच केसमधून सोडावं म्हणून दोषमुक्तीचा अर्ज आहे, आणि उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली त्याच्यापुरता गुन्हा रद्द करण्याचा अर्ज आहे. सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय.

तपास संपला की पोलीस दोषारोपपत्र पाठवतात. इथे एक गैरसमज फार पसरलाय: ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही की केस संपते. तसं नाही. ती मुदत आरोपी कोठडीत असेल तर त्याच्या जामिनासाठी आहे. तुमच्यासारख्या बाहेर असलेल्या आरोपीच्या बाबतीत, तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाला दखल घ्यायला तीन वर्षांची मुदत असते. पुरावा मिळाला नाही तर पोलीस चार्जशीटऐवजी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल पाठवतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली. फिर्यादीला त्याची नोटीस येते आणि तो हरकत घेऊ शकतो. वडिलांच्या तक्रारीत 'ब' किंवा 'क' समरी आली तर गप्प बसू नका. मॅजिस्ट्रेट ती नाकारून पुढे जाऊ शकतात.

चार्जशीट दाखल झालं की केसला आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर पडतो आणि समन्स येतं. अटक झालेली नसेल तर केवळ चार्जशीट दाखल करण्यासाठी ताब्यात घेण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल होतं, चार्जशीटची नक्कल फुकट मिळते आणि जामिनाचं बघावं लागतं. आदेश साधारण असा असतो: 'पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.' जातमुचलका म्हणजे तुमची स्वतःची हमी, पैसे लगेच भरायचे नसतात. जामीनदार मात्र खरा लागतो. त्याचा ताजा सातबारा किंवा पगारपत्रक, आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि कोर्टाने मागितला तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. कोर्टाच्या परवानगीने जामीनदाराऐवजी रोख रक्कमही भरता येते. ज्याला जामीनदार करताय त्याला हे समजावून सांगा की तुम्ही तारखेला आला नाहीत तर बाँडची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. मामाला 'नुसती सही कर' म्हणून आणलं आणि दोन वर्षांनी मामाच्या घरी नोटीस गेली, अशाने दुसरीच भावकी तुटते. कोर्टाच्या फाटकाबाहेर पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतील. त्यातले कित्येक बोगस कागदांवर उभे राहतात आणि निस्तरायला आरोपीला लागतं.

मग तारखा सुरू होतात. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो तेव्हा तुम्ही दाराबाहेर चहा पीत असलात तरी तुम्ही गैरहजर. आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग अजामीनपात्र. येणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी वकिलाला कळवा, त्या दिवसापुरती गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज देता येतो. वॉरंट निघालंच तर पोलिसांची वाट न बघता स्वतः कोर्टात हजर होऊन ते रद्द करून घ्या. पुढची तारीख, कशासाठी नेमलीय, आज काय झालं, हे सगळं ई-कोर्ट्स अॅपवर सोळा अक्षर-आकडी सीएनआर नंबर टाकून तुम्हाला स्वतःला बघता येतं. वकिलाला दर आठवड्याला फोन करण्यापेक्षा ते बघा. माझे पक्षकार बघायला लागल्यापासून त्यांचाही त्रास कमी झालाय आणि माझाही.

किती वर्षं? कायद्यात दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं लिहिलंय. प्रत्यक्षात कोठडीतल्या आरोपींच्या केसेस आधी घेतल्या जातात आणि बाहेरच्यांच्या मागे पडतात. अशी आर.सी.सी. चार-पाच वर्षं चालली तर मला नवल वाटणार नाही. साक्षीदार वेळेवर आले आणि बोर्ड, म्हणजे कोर्टाची रोजची केसेसची यादी, हलका असेल तर लवकरही संपते.

आरोप निश्चित करताना न्यायाधीश विचारतात, 'गुन्हा कबूल आहे का?' या प्रश्नापाशी जपून. किरकोळ केस आहे, कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा, असा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. साठीतल्या शेतकऱ्याला त्याने फारसा फरक पडणार नाही. पण नोकरीच्या मागे असलेल्या पोराचं त्याने कायमचं नुकसान होऊ शकतं.

त्यानंतर साक्षी. सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला आधी प्रश्न विचारतात तो सरतपास, मग समोरचा वकील विचारतो तो उलटतपास. तुमच्या फिर्यादीची केसही 'राज्य विरुद्ध चुलते' अशीच असेल आणि ती सरकारी वकीलच चालवतील. तुमचा खासगी वकील त्यांना मदत करू शकतो, एवढंच. वडील साक्षीला उभे राहतील तेव्हा त्यांना पढवू नका. त्यांनी आपला पोलिसांकडचा जबाब आणि फिर्याद आधी नीट वाचावी, बस्स. कोर्टात नवीन गोष्ट सांगितली की लगेच प्रश्न येतो, 'हे पोलिसांना सांगितलं होतं का?' 'सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही याचं कारण सांगू शकत नाही' हे उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोर्टात रोज ऐकू येतं, आणि अशी दोन-चार उत्तरं जमली की साक्ष पोकळ होते. प्रश्न समजला नाही तर 'समजला नाही' म्हणावं. माहीत नसेल तर 'माहीत नाही'. समोरच्या वकिलावर चिडू नये, चिडलेल्या साक्षीदाराला आम्ही वकील हवं तिथे घेऊन जातो. शेवटी आरोपीला शपथ न देता पुराव्यावर प्रश्न विचारतात, जुना '३१३ चा जबाब', आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१ (धमकीचं ३५१ वेगळं, ते न्याय संहितेतलं). सगळ्याच प्रश्नांना 'खोटं आहे' म्हणण्याऐवजी धाकट्याने 'मी त्या दिवशी पुण्यात होतो' हे तिथेही सांगायलाच हवं. मग युक्तिवाद आणि निकाल.

शिक्षा झालीच तर पहिल्याच गुन्ह्यात परिवीक्षा अधिनियम १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्याची विनंती करता येते, ती वकिलाने न विसरता करावी. अपील सत्र न्यायालयात ३० दिवसांत, आणि तोपर्यंत शिक्षा स्थगित करून घेता येते. उलट चुलते सुटले तर पीडित म्हणून वडिलांनाही अपिलाचा अधिकार आहे.

मिटवायचं असेल तर माझा कौल मिटवण्याच्या बाजूने आहे, पण मोजणी आधी करून. बांध जागेवर आला नाही तर तडजोडीचा कागद पुढच्या पेरणीपर्यंतही टिकत नाही. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी ही कलमं तडजोडपात्र आहेत, लोकअदालतीतही मिटतात. काही कलमांना कोर्टाची परवानगी लागते, आणि जी कायद्याने मिटतच नाहीत त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंनी संमतीने उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. चार्जशीटमध्ये शेवटी कोणती कलमं राहतात ते बघून यातला रस्ता ठरेल. एक लक्षात ठेवा, गावच्या बैठकीत 'केस मागे घेतली' असं स्टॅम्प पेपरवर लिहिल्याने केस मागे जात नाही. केस राज्याची असते. तो कागद कोर्टात दाखल होऊन आदेश होईपर्यंत तारखा चालूच राहतात, आणि आपसात मिटलं म्हणून जाणं बंद करणाऱ्यांच्या नावाने वॉरंट निघतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयात आरोपींसाठीच नेमलेले वकील असतात. हेल्पलाइन १५१००. खासगी वकील केलात तर फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि पावती मागा. 'साहेबांना द्यायचेत' म्हणून वेगळे पैसे मागणारा वकील असो की कारकून, त्याच्यापासून लांब राहा.

राहिली भरती. गुन्हा दाखल आहे म्हणून मैदानी किंवा लेखी परीक्षेला बसण्यापासून कुणी अडवत नाही, विषय येतो तो चारित्र्य पडताळणीला. तिथे गुन्हा लपवणं हे गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की विचारलेली माहिती खरी द्यावी लागते, आणि ती दिल्यावर गुन्ह्याचं स्वरूप, केसची स्थिती बघून नियुक्तीचा निर्णय नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. निर्दोष सुटल्यावरसुद्धा नोकरी आपोआप मिळत नाही, पण लपवलेलं उघडकीला आलं तर मिळालेलीही जाऊ शकते. नाव चार्जशीटमधून वगळलं गेलं तर त्याची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. अर्ज भरताना 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्यात हो म्हणून गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं आणि सद्यस्थिती लिहायची. हे अर्ज बरेचदा सायबर कॅफेवाला भरतो आणि सवयीने 'नाही' वर टिक करून मोकळा होतो. तेवढा रकाना धाकट्याने स्वतः स्क्रीनवर बघून भरून घ्यावा आणि सादर केलेल्या अर्जाची छापील प्रत जवळ ठेवावी.